पाटी, डोंगर आणि कवडसा : एल्म गावाच्या प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५, बुधवार

नववीचा पहिला तास. पुस्तक उघडायच्या आधीच ब्लाटेनचा विषय निघाला. स्वित्झर्लंडमधलं जेमतेम तीनशे वस्तीचं गाव. २८ मे रोजी वरची हिमनदी आणि तिच्यावर साचलेले खडक असा सगळा भार खाली आला आणि बहुतेक गाव गाडलं गेलं. मुलांनी मोबाइलवर ते पाहिलं होतं. एक माणूस दगावला, बाकी सगळे वाचले, कारण नऊ दिवस आधीच गाव रिकामं केलं होतं. गुरंसुद्धा हलवली होती.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, त्यांना आधी कसं कळलं?" तिचं आजोळ माळीणच्या अलीकडच्या वाडीतलं. पुढे ती काही बोलली नाही. आंबेगाव तालुक्यात राहणाऱ्या मुलांना यापुढचं सांगावं लागत नाही.

मी त्यांना एल्मबद्दल सांगितलं. आल्प्समधलंच गाव, पण गोष्ट १८८१ची. तिथेही डोंगराने आधी सांगितलं होतं, अगदी पाच वर्षं सांगत होता. लोकांनी पाहिलं, वर जाऊन तपासलं, आणि तरीही ११५ माणसं गेली. एम.ए.ला असताना आमच्या सरांनी फळ्यावर त्या डोंगराचा छेद काढला होता, तो मला आजही डोळे मिटून काढता येतो.

ठरलं. डिसेंबरच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात एल्मची प्रतिकृती मांडायची, सोबत एक वही. नऊ मुलं तयार आहेत. चित्रकलेचे सर म्हणाले, कापाकापी माझ्याकडे.

२१ जून, शनिवार

आधी गाव कुठे आहे ते नीट. पूर्व स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस नावाचा छोटा कँटन, म्हणजे तिथलं राज्य, आहे. त्यातून लिंट नदी वाहते आणि श्वांडेनपाशी तिला झेर्न्फ नदी मिळते. झेर्न्फच्या खोऱ्यात वर वर जात राहायचं. एंगी, माट, आणि सगळ्यात शेवटी एल्म. पुढे गाडीरस्ता दुसऱ्या खोऱ्यात उतरत नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर, हाउसश्टॉक, फोराब, पिझ सेग्नास, तिन्ही तीन हजार मीटरच्या वरचे. गाव स्वतः समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या जरा खाली. म्हणजे उंचीने आपल्या भीमाशंकरच्या बरोबरीचं, पण घराच्या अंगणातून वर पाहिलं की दोन हजार मीटर उंच भिंत.

क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस किलोमीटर, वस्ती अलीकडच्या काळात सहाशे-सातशे. मुलांनी लगेच भागाकार केला: चौरस किलोमीटरला सात-आठ माणसं. मग त्यांना सांगितलं की या ९० चौरस किलोमीटरमधला बराच भाग कडे, बर्फ आणि उन्हाळी कुरणं आहे, माणसं सगळी नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीत. घनतेचा आकडा डोंगराळ गावाबद्दल फार थोडं सांगतो. आपल्या डिंभ्याच्या वरच्या गावांचं हेच आहे.

एल्मच्या पश्चिमेला केर्प्फ नावाचा डोंगर आहे. त्याच्याभोवती १५४८ साली शिकार बंद केली गेली, ती आजतागायत बंद आहे. युरोपातलं सगळ्यात जुनं राखलेलं रान म्हणून ते ओळखलं जातं. ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, "देवराईसारखं." देवाच्या नावाने नाही, सरकारच्या हुकमाने राखलेलं, पण पावणेपाचशे वर्षं राखलेलं. मी वहीत तसंच लिहून घ्यायला सांगितलं.

२८ जून, शनिवार

स्वित्झर्लंडचे सरकारी नकाशे इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतात. समोच्च रेषा इतक्या स्वच्छ की मुलं त्या बोटाने गिरवत बसली. प्रमाण १:१०,००० ठेवलं. नकाशावरचा एक किलोमीटर म्हणजे आमचे दहा सेंटिमीटर. दर पन्नास मीटर उंचीला पाच मिलिमीटरचा एक पुठ्ठा. गावापासून वरच्या चिंगेलहॉर्न डोंगराच्या टोकापर्यंत जवळजवळ अडतीस थर.

एक गोष्ट मुलांच्या आधी मलाच जाणवली. एरवी आपण सह्याद्रीचं मॉडेल करतो तेव्हा उंची दुप्पट-तिप्पट फुगवतो, नाहीतर डोंगर दिसतच नाही. इथे फुगवायची गरजच पडली नाही. आडवं आणि उभं प्रमाण एकच ठेवलं तरी १९ सेंटिमीटरची भिंत उभी राहते. यामुळे पुढे कोन मोजता येतील. फुगवलेल्या मॉडेलवर कोनमापक लावून काही उपयोग नसतो.

कपाटांचे, टीव्हीचे, पंख्यांचे खोके गोळा केले. शिपाईमामांनी बाजारपेठेतल्या दोन दुकानांतून आणून दिले.

५ जुलै, शनिवार

सोळा थर चिकटले. उद्या एकादशी, सोमवारी भेट.

थर लावताना मुलांना वाटलं, खऱ्या डोंगरातले थरही असेच एकावर एक. आपल्याकडे ते बरोबर आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. एल्मच्या वर मात्र उलटं आहे. चिंगेलहॉर्नच्या कड्यावर एक सरळ फिकट रेघ दिसते, कुणी पट्टी ठेवून मारल्यासारखी. त्या रेघेच्या वरचा खडक २५ ते ३० कोटी वर्षं जुना; खालचा जेमतेम साडेतीन ते पाच कोटी. म्हातारा नातवाच्या खांद्यावर बसलेला. आफ्रिकेकडचा भूखंड युरोपावर रेटला गेला तेव्हा जुना खडक अखंड पत्र्यासारखा कित्येक किलोमीटर सरकत नव्यावर चढला.

एकोणिसाव्या शतकात या रेघेवरून भूशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. झुरिचचे आल्बेर्ट हाइम म्हणायचे, ही एक दुहेरी घडी आहे. फ्रेंच मार्सेल बेर्त्रांनी १८८४ मध्ये म्हटलं की नाही, हा एकच थर सरकून वर आला आहे. हाइमना पुढे ते मान्य करावं लागलं. २००८ पासून हा सगळा परिसर सार्डोना नावाने युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आमच्या प्रतिकृतीवर ती रेघ पांढऱ्या दोऱ्याने ओवायची.

हाइम पुढे पुन्हा येणार आहेत, आणि तिथे ते चुकलेले नाहीत.

१२ जुलै, शनिवार

आज काम कमी, बघणं जास्त. प्रत्येकाने घरून जुनी पाटी शोधून आणायची असं सांगितलं होतं. सात पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या आल्या, दोन दगडी. त्यातली एक एका मुलाच्या पणजीची. लाकडी चौकट एका कोपऱ्यात खिळखिळी, तिथे तारेने आवळलेली. दगडाचा एक कोपरा उडालेला. तो कोपरा खिडकीत उजेडाला धरला तर पापुद्रे मोजता येत होते, वहीच्या कडेसारखे. नखाने एक पापुद्रा सुटायला लागला तेव्हा मुलाने पाटी काढून घेतली. बरोबरच केलं.

हा पापुद्रा म्हणजेच एल्मचा धंदा होता. पाटीचा दगड, स्लेट, थरांनी फुटतो, सपाट निघतो. शेजारच्या एंगीत तो शतकानुशतकं काढला जात होता. एकोणिसाव्या शतकात युरोपभर शाळा सक्तीच्या झाल्या, प्रत्येक पोराच्या हाताला पाटी हवी झाली, आणि १८६८ मध्ये एल्मच्या लोकांनीही गावाच्या आग्नेयेला चिंगेलबेर्गच्या उतारावर खाण उघडली. दूध, चीज आणि उन्हाळी चराई यांच्यावर जगणाऱ्या गावात रोख मजुरी आली. हिवाळ्यात हाताला काम आलं.

खाण खोदली ती डोंगराच्या पायथ्याशी आडवी. भिंतीच्या खालच्या विटा काढत जावं तशी. जवळजवळ १८० मीटर लांब आणि ६० मीटर आतपर्यंत खाच पडली. वरचा सगळा डोंगर त्या खाचेवर तोलून राहिला. खाण चालवणारे कष्टाळू होते, पण खाणीचं शास्त्र शिकलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं.

पणजीच्या पाटीचा दगड कुठला ते तिच्यावर लिहिलेलं नाही. तरी तो कोपरा पाहिल्यावर मुलांना खाच म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागलं नाही.

१९ जुलै, शनिवार

नुकसान. गोंद पुरत नव्हता म्हणून वरच्या थरांना मी मैद्याची खळ वापरायला सांगितली होती. आठवडाभर झड लागलेली. आज खोली उघडली तर खळीला बुरशी, आणि चिंगेलबेर्गचे अकरा थर सुटून खाली घसरलेले. मुलं गप्प उभी राहिली. मग एकीने सुटलेला पुठ्ठा उचलला आणि त्याच्या खालची ओली बाजू दाखवली: "बाई, पाणी मधे शिरलं."

खरंच तसंच. १८८१चा ऑगस्ट आणि सप्टेंबरची सुरुवात एल्ममध्ये पावसाची होती. वरच्या भेगेत पाणी शिरत होतं.

पुन्हा करायचं. यावेळी गोंद, आणि मोरचूद घातलेली खळ फक्त आतल्या भागात, मुलांचा हात लागणार नाही अशी.

३० जुलै, बुधवार

माळीणला अकरा वर्षं झाली.

२०१४च्या या तारखेला सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. सगळ्यात आधी कळलं ते एसटीच्या चालकाला. रोजच्या रस्त्याने आला आणि गाव जागेवर दिसेना. मुलांमधली निम्मी तेव्हा तीन-चार वर्षांची होती. स्मारकापाशी गेलो, थोडा वेळ बसलो, परत आलो. कोनमापकाला ओळंबा बांधून केलेलं साधन मुलांनी पिशवीत घेतलं होतं. कुणी बाहेर काढलं नाही, मीही सांगितलं नाही.

परतताना आमच्या वाडीच्या मागच्या उतारावर मात्र त्यांनी स्वतःहून ते काढलं. आठ ठिकाणी मोजलं. आकडे वहीत आहेत, प्रदर्शनात मांडायचे नाहीत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज वहीचं मुख्य प्रकरण लिहिलं. जसं घडलं तसं.

१८७६ च्या सुमारास खाणीच्या बरंच वर, डोंगराला आडवी भेग दिसली. दरवर्षी ती रुंदावत गेली. गुराख्यांना माहीत होती, लाकूडतोड्यांना माहीत होती. खाणीत वरून दगड पडू लागले. १८८१च्या सप्टेंबरात ते इतके वाढले की काम बंद करावं लागलं. शनिवार, १० सप्टेंबरला वनअधिकारी आणि गावचे कारभारी वर जाऊन पाहून आले. खाण थांबवायची असं ठरलं. गाव हलवायचं असं ठरलं नाही.

रविवार, ११ सप्टेंबर. पाऊस थांबलेला. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास डोंगराची पूर्वेकडची बाजू सुटली, खाणीवर कोसळली. खालच्या उंटरटाल वस्तीत पळापळ झाली. मग शांत झालं. लोकांना वाटलं, जे यायचं ते आलं. मुख्य गावातून माणसं मदतीला धावली. कुणी घरातलं सामान काढू लागले, कुणी लांब उभे राहून पाहू लागले.

सतरा मिनिटांनी पश्चिमेकडची बाजू आली. यावेळी घरं आणि माणसं दोन्ही गेली.

आणखी चार मिनिटांनी, आधीच्या दोन्हींच्या मधला, आता कशाचाच आधार न उरलेला सगळा डोंगर आला. एकूण सुमारे एक कोटी घनमीटर खडक. तो सरळ खाली पडला, खाणीच्या सपाटीवर आपटला आणि तिथून आडवा उडाला. पाहणाऱ्यांनी सांगितलं की त्या उडणाऱ्या ढिगाऱ्याच्या खालून त्यांना पलीकडचा डोंगर दिसला. मग तो दरीच्या तळाला टेकला, समोरच्या ड्युनिबेर्गच्या उतारावर शंभर मीटर वर चढला, तिथून वळला आणि सपाट शेतांवरून गावाच्या दिशेने सुमारे दीड किलोमीटर धावत गेला. एक मिनिटही लागलं नाही. ८३ इमारती गेल्या. चर्च आणि गावाचा मधला भाग वाचला. ढिगाऱ्याची कड इतकी रेखीव होती की तिच्या पलीकडे काही पावलांवरची घरं जशीच्या तशी उभी राहिली.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्या कोसळीनंतर बरेच लोक शहाणपणाने वागले. ते डोंगरापासून लांब, दरी ओलांडून ड्युनिबेर्गवर चढले. उंचावर गेलो म्हणजे वाचलो, हे कुणालाही पटेल. ढिगारा तिथे पोचला.

वर्ग शांत होता. हे प्रकरण मुलांनी लिहून काढलं, मी एकही ओळ सांगितली नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

वाळूचा प्रयोग. दुरुस्त केलेल्या चिंगेलबेर्गवरून अर्धा किलो वाळू सोडली. ती पायथ्याशी ढीग करून थांबली. एक किलो सोडली, तेच. ड्युनिबेर्ग तर सोडाच, नदीसुद्धा ओलांडेना. मुलं हिरमुसली, मॉडेल चुकलं म्हणाली.

मॉडेल चुकलेलं नव्हतं. कोरडी वाळू साधारण तेहतीस-चौतीस अंशांचा ढीग करते आणि थांबते. मग एका मुलीला दोरा ताणायला सांगितला: एक टोक डोंगराच्या सुटलेल्या माथ्यावर, दुसरं ढिगारा जिथे थांबला त्या शेवटच्या बिंदूवर. कोनमापक लावला. सतरा अंशांच्या थोडं खाली. वाळूच्या निम्मा.

हा दोरा हाइमचा आहे. त्या आठवड्यात ते एल्मला पोचले. ग्लारुसचे पाद्री एर्न्स्ट बुस त्यांच्याबरोबर होते. वाचलेल्या माणसांना त्यांनी एकेक करून विचारलं: तुम्ही कुठे उभे होतात, काय पाहिलंत, किती वेळ लागला. त्याच वर्षी दोघांचा अहवाल छापून आला. मिनिटांचे आकडे आज आपल्याला माहीत आहेत ते यामुळे. डोंगराच्या सुटलेल्या माथ्यापासून ढिगाऱ्याच्या टोकापर्यंतच्या उताराचा कोन मोजायची रीत हाइमनी रूढ केली, आणि जगभर दरडींचा पल्ला ताडताना अजून तीच वापरतात. मोठी दरड वाळूसारखी थांबत नाही, पाण्यासारखी वाहते, हे एल्मने शिकवलं. १९७५ मध्ये झुरिचच्या केनेथ श्यू यांनी हाइमच्या त्याच नोंदी पुन्हा वाचून या वाहण्यावर मोठा निबंध लिहिला. चौऱ्याण्णव वर्षांनी उपयोगी पडाव्यात अशा नोंदी ठेवल्या गेल्या, कारण कुणीतरी ताबडतोब जाऊन साध्या माणसांना विचारलं. मला वाटतं, माझ्या नऊ मुलांनी या प्रकल्पातून एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ.

लाल दोरा तसाच ताणून ठेवायचा. प्रतिकृतीवर वाळू नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

इतिहासाचं पान. हे भरभर उरकलं, मुलांना लढाईत मजा वाटली तेवढं सविस्तर.

१७९९च्या ऑक्टोबरात रशियाचा सेनापती सुव्होरोव्ह फ्रेंचांच्या कोंडीतून निसटायला पाहत ग्लारुसमार्गे एल्मला आला. ५ तारखेची रात्र गावात काढली. तो उतरला ते घर अजून आहे. दुसऱ्या दिवशी ताज्या बर्फातून २४०७ मीटर उंचीची पानिक्स खिंड चढायला सुरुवात केली. शेकडो सैनिक आणि जनावरं त्या चढ-उतारात गेली, तोफा मागेच राहिल्या. जिथे गाडीरस्ता नाही तिथून एक फौज गेली, यावर मुलांचा विश्वास बसेना. मग त्यांना प्रतिकृतीवर खिंड दाखवली.

लोकसंख्या: दरडीच्या वेळी गावात हजारभर माणसं. ११५ म्हणजे नऊजणांत एक. नंतर पाटीचा कारखाना गावात चालू राहिला, शाळेच्या पाट्या आणि यास नावाच्या पत्त्यांच्या खेळाचे गुण मांडायच्या पाट्या करत. आता तिथे संग्रहालय आहे. १९०५ मध्ये श्वांडेनपासून विजेची छोटी रेल्वे आली, १९६९ मध्ये बंद झाली, आता बस जाते. खाली कापडाच्या गिरण्या, शहरं. तरुण उतरत गेले. हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, मुंबईला गेलेला काका नाही असं घर या वर्गात नाही. १९८१ मध्ये, दरडीला शंभर वर्षं झाली त्याच साली, जुनी लाकडी घरं नीट जपल्याबद्दल एल्मला स्वित्झर्लंडचा वाकर पुरस्कार मिळाला. आणि याच गावची व्रेनी श्नाइडर: ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची तीन सुवर्णपदकं, विश्वचषकाच्या ५५ शर्यती जिंकलेली. तिचं चित्र मुलींनी मागितलं, लावू.

आता एल्म ही स्वतंत्र पालिका नाही. आपली ग्रामपंचायत तशी तिथली गेमाइंडे. ग्लारुसमध्ये दर मे महिन्यात नागरिक एका चौकात उघड्यावर जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. ७ मे २००६च्या सभेत सरकारने सुचवलं होतं की पंचवीस गेमाइंडेंच्या दहा कराव्यात. सभेतल्या एका नागरिकाने म्हटलं, तीनच करा. हात वर झाले, तीन ठरल्या. पुढच्या वर्षी फेरविचाराला खास सभा बोलावली, तिनेही तेच कायम केलं. १ जानेवारी २०११ पासून एल्म हे ४३० चौरस किलोमीटरच्या दक्षिण ग्लारुसचा भाग आहे. एवढ्या मोठ्या कारभारात खोऱ्याच्या टोकाच्या गावाचा आवाज किती पोचत असेल, असा प्रश्न मुलांनी वहीत लिहिला. मी तो खोडला नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

गणपतीच्या सुट्टीनंतर आज पहिल्यांदा सगळे एकत्र. तारीख लक्षात ठेवून एक गोष्ट करायची ठरवली होती.

सतरा मिनिटं. शाळेच्या मैदानावर घंटा दिली, मी घड्याळ धरलं. काय करायचं ते मुलांनी ठरवायचं, फक्त सतराव्या मिनिटाला जिथे असाल तिथे थांबायचं. एक गट ओढ्यापलीकडच्या टेकाडापर्यंत आरामात पोचला, तिथे पाच मिनिटं नुसता बसून राहिला. दुसऱ्या गटातल्या दोघी सातवीचा वर्ग बाहेर काढायला परत फिरल्या होत्या. सत्तेचाळीस मुलं रांगेने गेटबाहेर आणली तेव्हा सोळावं मिनिट चालू होतं. सगळ्यात लहानखुरा मुलगा जागचा हलला नाही. मी विचारलं, तू का नाही गेलास? म्हणाला, "घंटा झाली आणि मग काहीच झालं नाही, म्हणून वाटलं संपलं."

त्याला कुणी हसलं नाही. १८८१ मध्ये उंटरटालच्या लोकांनी हेच वाटून घेतलं होतं.

वेळ पुरेसा होता. सतरा मिनिटांत ती दरी मोकळी करता आली असती, जर पहिली कोसळ ही सुरुवात आहे हे कुणीतरी ठामपणे सांगितलं असतं. ब्लाटेनला ते सांगणारं होतं. वर यंत्रं होती, मोजणारी माणसं होती, आणि त्यांनी सांगितल्यावर घर सोडणारे लोक होते. मुलीच्या जूनमधल्या प्रश्नाचं उत्तर मी आज दिलं. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर, मागे जाऊन, लिहिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

कवडशाचं गणित जुळलं!

एल्मच्या वर, त्या पांढऱ्या रेघेच्या जरा खाली, कड्याला आरपार भोक आहे. मार्टिन्सलोख. साधारण वीस मीटरचं. गावची कथा अशी की संत मार्टिन मेंढरं राखत होता, पलीकडून एक राक्षस मेंढरं चोरायला आला, मार्टिनने लोखंडी टोकाची काठी फेकली, ती राक्षसाला चुकली आणि डोंगरातून आरपार गेली. वर्षातून दोनदा, १२-१३ मार्चला आणि ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला, सूर्य त्या भोकामागे येतो आणि कवडसा पाच किलोमीटर दूर थेट चर्चच्या मनोऱ्यावर पडतो.

मुलांनी विचारलं, याच तारखा का? कॅलेंडर काढलं. मार्चचा दिवस विषुवदिनाच्या आठ दिवस आधी, सप्टेंबरचा आठ दिवस नंतर. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या सारखाच दक्षिणेला. मग वेळ: मार्चमध्ये सकाळी ८.५३, सप्टेंबरात ९.३३. उन्हाळी वेळेचा एक तास वजा केला की ८.३३. वीस मिनिटांचा फरक उरतोच. तो सूर्याच्या चालीचा: मार्चच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या दहा मिनिटं मागे असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला दहा मिनिटं पुढे. पंचांगात सूर्योदयाच्या वेळा बघून मुलांनी हे स्वतः ताडून पाहिलं.

आमच्या प्रतिकृतीत भोक दोन मिलिमीटरचं, दाभणाने पाडलेलं. टॉर्चने पाहिलं तर उजेड फाकतो, चर्चच काय अर्धं गाव उजळतं. मग एका मुलाने आरसा आणला. आरशातून येणारा उजेड खऱ्या सूर्याचा, आणि सूर्याची चकती आकाशात अर्ध्या अंशाची, मग ती एल्मवर असो की आमच्या ओसरीवर. पाच किलोमीटरवर हा अर्धा अंश सुमारे पंचेचाळीस मीटर पसरतो, आमच्या पन्नास सेंटिमीटरवर साडेचार मिलिमीटर. म्हणजे कवडसासुद्धा अगदी १:१०,००० प्रमाणातच पडणार. हे लक्षात आलं तेव्हा मीच आनंदाने ओरडले.

आरशातून आलेला उजेड वीस अंशांनी उतरता हवा. ओळंबा लावला.

३० सप्टेंबर, मंगळवार

तिथले ९.३३ म्हणजे आपल्याकडे दुपारी १.०३. मधल्या सुट्टीतच. पाऊणपासून ढग. आरसा धरून दोघं ओसरीच्या पायरीवर, बाकी सगळे प्रतिकृतीभोवती, खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या. एक वाजून गेला, काही नाही. एक वाजून अकरा मिनिटांनी ऊन आलं.

ठिपका आधी झेर्न्फच्या निळ्या पट्टीवर होता. आरसा केसभर हलला आणि तो लाल दोऱ्यावरून घसरत चर्चच्या आगपेटीएवढ्या भिंतीवर चढला. सहा-साडेसहा मिलिमीटरचा, कडेला फिकट. बाहेरची दोघं विचारत होती, "पडला का? पडला का?" आत कुणी उत्तर देईना. मग ती दोघंही आत आली आणि अर्थातच कवडसा गेला. पुन्हा बाहेर जाऊन आळीपाळीने सगळ्यांनी पाहिलं.

अजून करायचं: मनोऱ्याचा पुठ्ठा दमटपणाने वाकलाय, बदलायचा. ड्युनिबेर्गच्या उतारावर पाटी लावायची राहिली आहे. वहीची दोन प्रकरणं शुद्धलेखनासाठी मराठीच्या बाईंकडे.

पणजीची पाटी आज मुलगा घरी घेऊन गेला. परवा दसरा आहे, तिच्यावर सरस्वती काढायची असते. प्रदर्शनाला परत आणतो म्हणालाय.